चाळीसपैकी सव्वीस

योगिनी परब ठाण्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची. राहायला डोंबिवलीत, माहेर मालवणकडचं, वय बेचाळीस. शिकवायला ती बरी होती, पण तिचं नाव झालं होतं ते पोस्टरसाठी. दरवर्षी विज्ञान दिनाला विद्यार्थ्यांच्या संशोधनाची स्पर्धा भरायची, आसपासची पंधरा-वीस कॉलेजं यायची, आणि गेली तीन वर्षं पहिलं बक्षीस तिच्याच विद्यार्थ्यांना मिळत होतं. जानेवारी लागला की दुसऱ्या विभागांतली मुलंही कागदाच्या गुंडाळ्या घेऊन तिच्या दाराशी उभी राहायची.

तिचं सांगणं ठरलेलं असायचं. "पोस्टर म्हणजे भिंतीला लावलेला प्रबंध नव्हे. बघणारा चालत येतो, अर्धा मिनिट थांबतो आणि पुढच्या पोस्टरकडे जातो. त्या अर्ध्या मिनिटात त्याच्या पदरात एक गोष्ट पडली पाहिजे. एकच." मग ती एखाद्या मुलाला सहा फूट मागे उभं करायची आणि त्याचंच पोस्टर त्याला मोठ्याने वाचायला लावायची. वाचता आलं नाही की सगळे हसायचे, तोही हसायचा आणि मुकाट्याने निम्मा मजकूर उडवायला तयार व्हायचा.

त्या वर्षी आयोजकांनी पोस्टर मराठीतून मागवली होती आणि तिच्याकडे रचना भालेराव होती. तिसऱ्या वर्षाची, वर्गात कमी बोलणारी, पण प्रयोगशाळेत हात अगदी स्वच्छ असणारी मुलगी. वडील वागळे इस्टेटमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात. घर दिव्याला, स्टेशनपासून जवळच, घाईघाईत उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर. विषय तिने स्वतःच आणला होता. "मॅडम, आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. तेपण येईल याची गॅरंटी नाही. मग टँकर. सगळे ड्रम भरून ठेवतात. त्या ड्रममध्ये काय असतं ते बघू का?"

चार महिने ती बघत होती. चाळीस घरं. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ, बर्फात बाटल्या, आणि तो डबा छातीशी धरून दिव्याहून ठाणे. आल्या आल्या पाणी जांभळ्या द्रावणाच्या नळ्यांमध्ये घालायचं आणि दोन दिवस थांबायचं. सांडपाण्यातले जंतू असतील तर जांभळ्याचा पिवळा होतो. चाळीसपैकी सव्वीस घरांच्या नळ्या पिवळ्या झाल्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात रचनाने पोस्टरचा कच्चा आराखडा टेबलावर पसरला. वर दोन ओळींचं शीर्षक होतं, ज्यात "पुरवठ्यातील खंड" आणि "सूक्ष्मजीवशास्त्रीय तपासणी" हे शब्द होते. मध्ये उभ्या खांबांचा आलेख. खाली पद्धत, मर्यादा, आभार, सगळं मुंगीच्या अक्षरात.

"हे कोण वाचणार?" योगिनी म्हणाली आणि लाल पेन काढलं.

शीर्षक झालं, "तुमच्या ड्रममध्ये काय आहे?" पद्धत तीन ओळींत आली. मर्यादा गेल्या. मग पेन आलेखावर आलं.

"हा नको. डोकं खातो. मध्ये एकच आकडा टाकू. चाळीसपैकी सव्वीस. मोठा, लाल."

"पण मॅडम, खरं तर हेच निघालंय ना?" रचनाने आलेखावर बोट ठेवलं. "नळाचं पाणी भरलेली अठरा घरं होती, त्यात पाच खराब. टँकरचं भरलेली बावीस, त्यात एकवीस खराब. म्हणजे लोकांच्या ड्रमचा प्रश्न कमी आहे."

"टँकरमधून थेट किती नमुने घेतलेस?"

"एक. दुसऱ्या टँकरवाल्याने घेऊच दिला नाही. अंगावर आलेला तो."

"मग एका नमुन्यावर टँकरकडे बोट दाखवणार? परीक्षक पहिल्याच प्रश्नाला तुला आडवं करतील." योगिनीचा आवाज मऊ होता. "हा भाग खाली उजव्या कोपऱ्यात छोट्या तक्त्यात टाक. कोणी विचारलं तर सांग."

तिचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. पण ते अर्धंच कारण होतं. त्या जोडखांबांच्या आलेखाने पोस्टर विस्कटत होतं आणि लाल आकड्याने ते उभं राहत होतं, हे तिला त्याच क्षणी दिसलं होतं. कारण तिने नंतर शोधलं.

उरला फोटो. रचनाने दहा-बारा घरांत फोटो काढले होते. योगिनीने ते भराभर सरकवले आणि एकावर थांबली. निळा ड्रम, कडेला पाण्याच्या पातळ्यांची तपकिरी वलयं, वर लोंबकळणारं पाणी काढायचं ओगराळं, आणि खिडकीतून आलेलं ऊन नेमकं पाण्यावर. ड्रमशेजारी पन्नाशीची एक बाई उभी होती. साडी धुवट पण इस्त्रीची, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, चेहरा फोटोसाठी सरळ केलेला.

"हा. बाईंना काप, नुसता ड्रम ठेव. माणूस असलं की नजर चेहऱ्यावर जाते."

रचना काहीतरी बोलणार होती, पण तासाची घंटा झाली.

छपाईला दोघी वागळे इस्टेटमध्ये गेल्या. उत्तम नावाचा माणूस तिथे एका गाळ्यात फ्लेक्स आणि बॅनर छापायचा आणि योगिनीचं काम नेहमी तोच करायचा. त्याने फाइल उघडून पडद्यावर फोटो ताणला. ड्रममागचा दरवाजा मोठा झाला. दरवाजावर एक छापील कागद चिकटवलेला होता.

"मॅडम, इथे काहीतरी लिहिलंय बघा." उत्तमने अजून ताणलं. 'तुळसा पोळीभाजी. डबे मिळतील.' खाली मोबाइल नंबर. "हे ठेवायचं? पुसून टाकू? नाहीतर धूसर करतो."

"तुळसामावशी आहेत त्या," रचना घाईने म्हणाली. "आमच्या मजल्यावरच्या. मॅडम, त्यांचं पाणी चांगलं निघालेलं. सतरा नंबरचं घर. त्यांचा फोटो नको मग. दुसरा घेऊ या का?"

"दुसऱ्यात तो उजेड नाही गं." योगिनीने घड्याळ पाहिलं. परवा स्पर्धा होती. "आणि हा फोटो कुणाचा असं आपण कुठे म्हणतोय? प्रातिनिधिक आहे. ड्रम म्हणजे ड्रम."

"आणि नंबर?" उत्तमने विचारलं.

"धूसर केलं की तिथेच नजर जाते, काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. राहू दे. एवढं बारीक कोण वाचतंय?"

उत्तमने कळ दाबली.

पोस्टर पाहिल्याबरोबर लोक थांबत होते. परीक्षकांपैकी एक बाई दोनदा परत आल्या. रचनाने चांगलं सांगितलं, टँकरचा तक्ताही दाखवला, पण तोपर्यंत परीक्षकांचं लक्ष पुन्हा ड्रमकडे गेलेलं असायचं. पहिलं बक्षीस मिळालं. ढाल घेऊन रचना आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून योगिनी, मागे पोस्टर, असा फोटो निघाला. तो कॉलेजच्या फेसबुक पानावर गेला आणि पोस्टरची फाइलही सोबत टाकली गेली, कारण विज्ञान लोकांपर्यंत पोचावं असं सगळ्यांना वाटत होतं.

ते पोचलं. दिव्यातल्या कुणीतरी आपल्या भागाचं नाव बघून ते आपल्या व्हॉट्सॲपच्या गटात टाकलं, तिथून ते दुसऱ्या गटात गेलं. फोनवर पोस्टर बघणारा माणूस सहा फूट लांब उभा नसतो. तो दोन बोटांनी फोटो मोठा करतो. आणि मोठा केला की दरवाजावरचा कागद स्वच्छ वाचता येत होता.

पुढच्या आठवड्यात रचना तीन दिवस कॉलेजला आली नाही. चौथ्या दिवशी दुपारी विभागप्रमुख पाटणकर सरांनी योगिनीला केबिनमध्ये बोलावलं. आत रचना एका बाजूला उभी होती. खुर्चीच्या अगदी कडेवर एक बाई बसली होती. योगिनीने तिला ओळखलं नाही. पदर दिसला तेव्हा ओळखलं.

"ह्या तुळसाबाई," सर म्हणाले. "दिव्याहून आल्यात. त्यांची तक्रार आहे. बाई, तुम्हीच सांगा."

तुळसाबाईंनी आवाज चढवला नाही. "मी डबे देते साहेब. सतरा डबे जायचे माझे. एकटी राहणारी पोरं, तुमच्या ह्या वागळेतच कामाला. आता पाच ऱ्हायले. बाकीच्यांनी फोनच घेतला न्हाई. एकानं सांगितलं, मावशी, तुमच्या पाण्यात संडासातले किडे निघालेत, कॉलेजनं छापलंय." त्यांनी रचनाकडे पाहिलं. "ही पोर आली तवा मी चहा केला. बाटली धुऊन दिली. म्हणाली, मावशी, फोटो काढू का अभ्यासाला? मी साडी बदलून आले. आणि फोटोत मी न्हाईच. नुसता माझा ड्रम आन् माझा नंबर."

पाटणकर सरांनी चष्मा काढला. "हा फोटो कोणी निवडला?"

प्रश्न दोघींना होता. योगिनीला उत्तर माहीत होतं, ते जिभेवर होतं. त्याच वेळी तिला सरांच्या टेबलावरची फाइल दिसली. विभागाच्या मूल्यांकनाची समिती महिन्यावर आली होती, आणि त्या फाइलमध्ये 'पोस्टर मार्गदर्शन' या शीर्षकाखाली तिचं नाव होतं.

"फोटो विद्यार्थिनीनेच काढलेला आहे सर," ती म्हणाली.

वाक्य खरं होतं. प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

रचनाने मान वळवून तिच्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर योगिनीला बरं वाटलं असतं. रचना फक्त खात्री करून घेत होती, की मॅडम खरंच असं म्हणाल्या. मग ती सरांकडे वळली. "हो सर. मी काढलेला. माझी चूक झाली."

"पोरी, तुझ्या आयच्या हातचं मी खाल्लंय," तुळसाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "तुला ठावं होतं ना, माझं पाणी चांगलं होतं? तूच येऊन सांगितलंस."

"हो मावशी."

सरांनी निकाल दिला. पोस्टर पानावरून काढायचं, रचनाने माफीचं पत्र लिहायचं, त्यावर विभागाचा शिक्का मारायचा आणि प्रत बाईंना द्यायची. रचनाने तिथेच बसून पत्र लिहिलं. तुळसाबाईंनी तो कागद हातात घेतला, उलटसुलट केला. "ह्याचं काय करू साहेब? डब्यावर चिकटवू?" त्यांनी तो घडी करून पिशवीत मात्र ठेवला.

योगिनी त्या दिवशी घरी नेहमीच्या वेळेला गेली. कूकर लावला, मुलाचा गृहपाठ पाहिला. नवऱ्याने, साईनाथने, "आज गप्प का?" विचारलं तेव्हा तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. दोन दिवस तिने काहीही केलं नाही. केबिनमधलं वाक्य ती मनात निरनिराळ्या तऱ्हेने म्हणून बघत होती. 'फोटो काढला रचनाने, निवडला मी.' फक्त दोन शब्द जास्त लागले असते. तिला वारंवार आठवत होतं ते उत्तमने विचारलेलं, 'आणि नंबर?' फ्लेक्स छापणाऱ्या माणसाला जे सुचलं, ते पीएचडी झालेल्या बाईला का सुचलं नाही? खरं तर सुचलं होतं. नंतर रंगाला आणि उजेडाला अडचण होते म्हणून तिने ते बाजूला सारलं होतं. एवढी जुनी, एवढी सराईत सवय. मजकूर कापता कापता माणूस कापलं गेलं आणि तिचा हात थांबला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पाटणकर सरांकडे गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. फोटो तिने निवडला. बाईंना कापायला तिने सांगितलं. पाणी चांगलं होतं हे तिला छपाईआधी माहीत होतं. आलेख तिने वगळायला लावला. नंबर तिने ठेवला. आता बक्षीस परत करायचं, असंही ती म्हणाली.

सरांनी पेनला टोपण लावलं. "हे त्या दिवशी का नाही बोललात?"

"घाबरले, सर."

"आता बोलून काय होणार? प्रकरण मिटलंय. पत्र दिलंय. समिती येतेय, परब मॅडम. बक्षीस परत करायचं म्हणता, म्हणजे पुन्हा पत्रव्यवहार, पुन्हा चर्चा. मुलीचंही नाव पुन्हा निघेल."

"मुलीचं नाव निघालेलंच आहे सर. ते काढून माझं घालायचंय."

"तुमचं तुम्ही बघा," सर म्हणाले. "कॉलेजचं नाव मध्ये आणू नका."

रविवारी ती दिव्याला गेली. रचनाची इमारत शोधायला अर्धा तास लागला. जिन्यात प्रत्येक मजल्यावर दारांबाहेर ड्रम होते, निळे, काळे, एखादा रंगाचा जुना डबा. काहींवर पाट्या ठेवलेल्या, काहींवर धुतलेला पंचा बांधलेला. चार महिने आपण या ड्रमांविषयी बोलत होतो आणि आज पहिल्यांदा बघतोय, हे लक्षात आलं तेव्हा ती दुसऱ्या मजल्यावर क्षणभर थांबली.

रचनाच्या आईने, रमाबाईंनी, दार उघडलं. त्यांनी "या मॅडम" म्हटलं, खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखालच्या फळीवर पुस्तकं ओळीने लावलेली. ढाल कुठेच नव्हती. योगिनीने पेला तोंडाला लावला. रमाबाईंचं लक्ष पेल्याकडे होतं. "उकळलेलं आहे," त्या म्हणाल्या. योगिनीने सगळं पाणी संपवलं, पण मान वर करवली नाही.

रचना आतून आली. योगिनीने सांगितलं, सरांना सांगून आलेय, आता तुळसाबाईंना सांगायला आलेय. तू त्यांना का नाही सांगितलंस, असंही तिने विचारलं.

"काय सांगणार मॅडम? मॅडमनी सांगितलं म्हणून केलं?" रचना भिंतीला टेकून उभी होती. "परवानगी मी मागितलेली. चहा मी प्यायलेली. मी तिथे दुकानात अडून बसायला पाहिजे होतं. नाही बसले. मलापण बक्षीस हवं होतं."

"चूक माझी आहे, रचना."

"तुमची वेगळी आहे, माझी वेगळी आहे." मग ती म्हणाली, "केबिनमध्ये तुम्ही बोलाल असं मला वाटलेलं."

योगिनीने पेला खाली ठेवला आणि उठली.

तुळसाबाईंचं दार तीन दारं सोडून होतं. त्या पोळ्या लाटत होत्या, पाच डब्यांच्या. योगिनी उंबऱ्याशीच उभी राहून बोलली. लांबण लावली नाही, शास्त्र सांगितलं नाही. तुळसाबाईंनी ऐकता ऐकता तीन पोळ्या भाजल्या.

"म्हंजे तुमी मुद्दाम न्हाई केलं," त्या शेवटी म्हणाल्या.

"मुद्दाम नाही. पण माहीत असून केलं."

तुळसाबाईंनी गॅस बारीक केला. हे उत्तर त्यांना अपेक्षित नव्हतं असं दिसलं. "मी त्या दिवशी ह्या पोरीला लय बोलले. जिन्यात, चार बायकांसमोर." त्या दाराबाहेर उभ्या असलेल्या रचनाकडे बघून म्हणाल्या.

"मी काय करू, तुम्ही सांगा," योगिनी म्हणाली.

"माफीचं पत्र नको. पैसं पण नको, तसलं काय काढू नका." तुळसाबाईंनी पिठाचे हात पुसले. "तसलाच बोर्ड करा. तेवढाच मोठा. खरं काय ते लिवा आणि खाली गेटावर लावा. वाचतील लोक. ज्यांनी ते वाचलं, ते हे पण वाचतील."

जिना उतरताना योगिनीने रचनाला विचारलं, "आपण दोघी मिळून करू या?"

"नाही मॅडम. तुम्ही करा."

मग तिने एकटीनेच केलं. आठ-दहा वर्षांत तिने स्वतः एकही पोस्टर केलं नव्हतं, फक्त दुसऱ्यांची कापली होती. शीर्षकाला तिने चार संध्याकाळी घालवल्या. 'दिलगिरी' लिहिलं, खोडलं, कारण दिलगिरी म्हटलं की नेमकं काय झालं ते झाकलं जातं. शेवटी लिहिलं, "आम्ही चुकीचं छापलं होतं." मग 'आम्ही'वर काट मारून 'मी' केलं. त्याखाली जोडखांबांचा आलेख, मध्यभागी, जागा व्यापून. नळाचं पाणी: अठरापैकी पाच. टँकरचं पाणी: बावीसपैकी एकवीस. टँकरचा थेट नमुना एकच घेता आला, म्हणून खात्रीने सांगता येत नाही, पण तपासलं पाहिजे, हेही तेवढ्याच अक्षरात. आणि खाली: "आधीच्या पोस्टरवरचा ड्रम श्रीमती तुळसाबाईंच्या घरातला होता. त्यांचं पाणी तपासणीत स्वच्छ निघालं होतं. हे माहीत असूनही मी तो फोटो निवडला. विद्यार्थिनीने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. योगिनी परब, प्राध्यापिका." छापण्याआधी तिने हे तुळसाबाईंना फोनवर वाचून दाखवलं. "नाव असू द्या," तुळसाबाई म्हणाल्या. "नंबर पण टाका. आता टाका."

उत्तमने पडद्यावर मजकूर वाचला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "जास्त झालंय मॅडम. तुम्हीच सांगता ना, इतकं कोण वाचतं?"

"छापा," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी सकाळी तिने आणि इमारतीच्या वॉचमनने तो बोर्ड गेटाच्या जाळीला तारेने बांधला. ती बाजूला उभी राहिली. निघून जाता आलं असतं, कुणी थांब म्हटलं नव्हतं. पाणी यायचा दिवस होता, बायका-पुरुष जा-ये करत होते. काहीजण नुसती नजर टाकून गेले. काहीजण थांबून पूर्ण वाचत होते, अर्ध्या मिनिटाहून कितीतरी जास्त. दोन तरुणांनी फोटो काढला. त्यातला एक म्हणाला, "अबे, हा तर तुळसामावशीचा मॅटर." आणि दुसरा म्हणाला, "मी तर डबा बंद केला ना यार." दोघं थोडा वेळ तिथेच घुटमळले, मग वर न जाता रस्त्याला लागले.

एक म्हातारी, कमरेवर रिकामी कळशी, बोर्डासमोर येऊन थांबली. तिला वाचता येत नव्हतं. तिने योगिनीलाच विचारलं, "काय लिवलंय गो?"

योगिनीने वाचून दाखवलं. आलेख समजावून सांगितला. खालचा मजकूर आला तेव्हाही तिने एकही शब्द गाळला नाही. 'मी ऐकलं नाही' पर्यंत आली आणि मग नाव वाचलं.

"ही योगिनी परब कोन?"

"मी."

म्हातारीने तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मागे चार-पाच जण थांबून ऐकत होते. योगिनीला कानाच्या पाळ्या तापलेल्या जाणवल्या. वर्गात पन्नास मुलं हसली तेव्हा सहा फुटांवर उभ्या राहिलेल्या मुलाला असंच होत असेल का, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"बरं," म्हातारी म्हणाली. "मंग त्या टँकरचा काय करायचा?"

योगिनी पुन्हा आलेखाकडे वळली. मागून कुणीतरी म्हणालं, "ती भालेरावांची पोरगी सांगेल, तिने तपासलंय," आणि एकजण तिला हाक मारायला जिन्याकडे गेला. रचना खाली आली. बोर्डावरचं सगळं वाचून ती लोकांना सांगू लागली, की टँकरचं पाणी भरलं तर किती औषध घालायचं, किती वेळ झाकून ठेवायचं, आणि तक्रार करायची तर आधी अजून नमुने लागतील, त्यासाठी टँकर आला की सगळ्यांनी मिळून उभं राहायला लागेल. लोक प्रश्न विचारत होते. तिचा आवाज वर्गात कधी एवढा मोठा निघाला नव्हता. योगिनी गर्दीच्या कडेला सरकली आणि थोड्या वेळाने निघाली. रचनाने तिला जाताना पाहिलं की नाही, ते तिला कळलं नाही.

बारापैकी सात डबे परत सुरू झाले. पाच झाले नाहीत. तुळसाबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं, आणि "बरंय मग" म्हणून ठेवून दिला. बक्षीस परत करायचं पत्र योगिनीने आयोजकांना पाठवलं, रचनाच्या वडिलांनी कारखान्याला जाता जाता आणून दिलेली ढालही त्यासोबत गेली. समिती आली आणि गेली. पोस्टर मार्गदर्शनाचं काम पाटणकर सरांनी दुसऱ्या एका प्राध्यापिकेला, मेघनाला, दिलं. स्टाफरूममध्ये कुणी काही बोललं नाही, फक्त योगिनी आत आली की बोलणं जरा जास्तच सहजपणे चालू राहायचं.

जूनमध्ये रचनाने तिथेच एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. दुसऱ्या आठवड्यात ती योगिनीच्या टेबलाशी एक फॉर्म घेऊन आली. पदवीच्या वेळचाच मार्गदर्शक पुढे धरला जायचा, तो बदलण्याचा फॉर्म होता, जुन्या मार्गदर्शकाची सही लागत होती. कारणाच्या रकान्यात रचनाने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'विषय बदलल्यामुळे'.

त्याच्या वरच्याच ओळीत नवा विषय होता: दिवा परिसरातील टँकरच्या पाण्याची तपासणी.

योगिनीने पेन उघडलं. "हे कारण खरं नाही, रचना. मी बदलते."

"राहू दे मॅडम," रचना म्हणाली. "सर परत विचारत बसतील. मला या आठवड्यात नमुने सुरू करायचेत."

मग योगिनीने खाली सही केली, तारीख घातली. रचनाने फॉर्म घेतला, सही नीट आली आहे का पाहिलं, "थँक्यू मॅडम" म्हणाली आणि दार ओढून घेत बाहेर पडली.